भिवापूरच्या रानात लाल ठिपक्यामागे

हवाई चुंबकीय नकाशावरच्या (विमानातून मोजलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या नकाशावरच्या) लाल ठिपक्यावर, म्हणजे जास्त आकड्याच्या जागेवर, सरळ चालत जाऊ नका. आम्ही तिघं गेलो आणि मार्चमधला अख्खा दिवस घालवून बसलो.

नागपूर-भंडाऱ्याकडच्या साकोली या जुन्या खडकांच्या पट्ट्यात खोबना गावी गारगोटीच्या शिरांत वुल्फ्रमाइट, म्हणजे टंगस्टनचं खनिज, सापडलंय, तेव्हा भिवापूरकडेही चुंबकीय पट्टा कुठे तुटतो ते पाहायचं होतं. ओळखीतल्या एकाने रंगीत नकाशा दिला, पण त्यात ध्रुवीय रूपांतर (उच्चांक खडकाच्या बरोबर वर आणणारी गणिती दुरुस्ती) केलंय की नाही ते काही सांगितलं नाही. केलेलं नव्हतं! आपल्याकडे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जमिनीशी कल जेमतेम ३० अंशांचा. त्यामुळे लाल उच्चांक खडकाच्या दक्षिणेला सरकतो आणि उत्तरेला निळा खड्डा पडतो. खडक असतो या दोघांच्या मध्ये. शिवाय विमान ३०० मीटर अंतराच्या ओळींनी उडतं, मधली जागा गणिताने भरलेली असते.

त्या ठिपक्यापर्यंतचे सातशे मीटर मी जन्मात विसरणार नाही. मार्चात चिखल कसला, असं वाटत असेल तर कालव्याच्या पाण्यावरचं उन्हाळी धान बघून घ्या. धुऱ्यावरून घसरत नाल्यात उतरलो, तर पुढे डोक्याइतकी बेशरम. बुटात पाणी, हातावर ओरखडे, आणि ठिपक्यावर पोचल्यावर काय? काळी माती. दोऱ्याला बांधलेलं चुंबक ढिम्म हललं नाही. सरळ उत्तरेला दीडेकशे मीटरवर मॅग्नेटाइटचा (चुंबकाला ओढणाऱ्या लोहखनिजाचा) क्वार्टझाइट खडक उघडा पडला होता, तोही सडकेपासून दहा मिनिटांवर!

दुसरा दिवस मजेत गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

विमानातून गॅमा किरण मोजून केलेल्या पोटॅशियम-थोरियमच्या नकाशालाही भुलू नका. हे किरण येतात ते वरच्या हातभर मातीतून, खालच्या खडकाचं ते थेट काही बोलत नाहीत. जमिनीवर मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र) धरणाऱ्याने किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल दुसऱ्याकडे द्यावं. उच्चदाबाच्या तारांखाली तर वाचन घेऊच नये. आमचे पहिले बारा आकडे असेच फुकट गेले.

आणि हो, जीपवाल्याशी जाण्यायेण्याचे पैसे आधीच ठरवा. आम्ही सातशे ठरवले ते फक्त जायचे निघाले. संध्याकाळी चिखलाचे पाय घेऊन कोण भांडणार? चौदाशे दिले.