जुन्या ट्रकच्या मागच्या हबचा पाना: कोल्हापूर ते नागदेवी स्ट्रीट

टाटा १२१० सारख्या जुन्या ट्रकच्या मागच्या चाकाचे बेरिंग किंवा ऑइल सील बदलायचे, तर हब नटाला, म्हणजे चाकाचा मधला भाग (हब) एक्सलवर धरून ठेवणाऱ्या मोठ्या नटाला, नेमका बसणारा बॉक्स पाना लागतो. पाना नसला की छिन्नी-हातोड्याने नट फिरवला जातो, आणि उसाच्या हंगामाआधीच्या घाईत आमच्याकडे हे सर्रास चालते. त्यात नटाचे कोपरे जातात, हाउसिंगच्या (एक्सलच्या बाहेरच्या नळीच्या) टोकावरचे आटे दुखावतात आणि बेरिंग किती आवळले गेले याचा हाताला अंदाजच येत नाही. म्हणून योग्य पाना शोधायला मी मुंबईला, नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात जाऊन आलो.

निघण्यापूर्वी एक्सल शाफ्ट (हाउसिंगच्या आतून चाक फिरवणारा दांडा) काढून व्हर्नियरने मापे घ्यावीत. केवळ नटाचे माप पुरत नाही. समोरासमोरच्या बाजूंत ८५ मिमी भरणारा षटकोनी नट कोपऱ्यांत सुमारे ९८ मिमी होतो. हबचे भोक ११० मिमी असेल, तर पान्याच्या भिंतीला कोपऱ्यापाशी जेमतेम ६ मिमी जागा उरते. नटाच्या पुढे हाउसिंगचे टोक किती आले आहे तेही मोजावे, कारण पाना आतून तेवढा पोकळ हवा. नट अष्टकोनी आहे की खाचांचा गोल, हे पाहून ठेवावे आणि शक्य असल्यास जुना नटच पिशवीत टाकावा. गाडीचे नुसते नाव सांगून भागत नाही. इतक्या वर्षांत हब आणि हाउसिंग बदललेल्या गाड्या पुष्कळ आहेत.

कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची पडते. सीएसएमटीहून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने नागदेवी स्ट्रीटला चालत जाता येते. रविवार टाळावा. एका दुकानदाराने माझा नट पान्यात सोडून उजेडाकडे धरला आणि हलवून दाखवला. कोपऱ्याशी दिसणारी फट पाहताच तो पाना त्याने स्वतःच बाजूला ठेवला. दुसरा घट्ट बसला, पण त्याची भिंत इतकी जाड होती की तो हबमध्ये गेलाच नसता. अखेर पातळ भिंतीचा, टॉमीसाठी (पाना फिरवायच्या आडव्या दांड्यासाठी) आरपार भोके असलेला पाना मिळाला.

बाजारात न मिळाल्यास कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून घेता येतो. ईएन २४ हे मजबूत मिश्र पोलाद वापरून त्याला उष्णता-प्रक्रिया करून घ्यावी. पाइपाला जुना नट वेल्ड करून केलेला पाना मला पसंत नाही, कारण लांब टॉमीचा जोर आला की वेल्ड सुटतो आणि माणूस तोंडावर आपटतो.

काम सुरू करताना बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (अडसर) लावावी आणि एक्सल भक्कम घोडीवर घ्यावा. शाफ्ट काढल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही जागेवर थांबेल याचा भरवसा नसतो. नट सैल होऊ नये म्हणून बसवलेल्या लॉक वॉशरची दुमडलेली जीभ आधी पूर्ण सरळ करावी आणि मगच पाना चढवावा. परत बसवताना हब हाताने फिरवत राहून आतला (बेरिंगकडचा) नट आवळावा, गाडीच्या पुस्तिकेत दिले असेल तेवढाच मागे घ्यावा आणि लॉक वॉशर नवाच वापरावा.