दहावा प्रश्न

२०११च्या फेब्रुवारीत जनगणनेसाठी मला जत तालुक्याच्या पूर्व भागातलं, उमदीकडचं गाव मिळालं. मी वाळवा तालुक्यातला, कृष्णाकाठचा. जिल्हा परिषदेच्या नोकरीमुळे इथं आलेलो. जिल्हा एकच, सांगली. पण आमच्या रानात बारमाही पाट, आणि इथं नजर जाईल तिथवर माळ, कुसळं, मेंढरं. पावसाळी ढग सह्याद्रीवरच मोकळे होतात, इथं येईतो त्यांत काही उरत नाही.

निम्म्या घरांना कुलूप होतं. माणसं ऊसतोडीला गेलेली. ९ ते २८ फेब्रुवारीत जो एकदाही घरी येणार नाही, त्याची मोजणी तो असेल तिथं करायची, असा नियम होता. म्हणजे या गावची कितीतरी माणसं माझ्याच मुलखातल्या फडावर, पालात मोजली जाणार होती. आमच्याकडे या टोळ्यांना सरसकट 'कानडी लोक' म्हणतात. मीही लहानपणापासून तेच म्हणत आलो होतो.

तिसऱ्या दिवशी एका घरी गेलो. "बर्री सर, कूडरी," म्हणत आजीनं घोंगडं टाकलं. मुलगा मेंढरांमागं असायचा, म्हणून फडावर गेला नव्हता. दहावा प्रश्न मातृभाषेचा. आजी कानडी, मुलगा कानडी. सून मंगळवेढ्याकडची, ती मराठी. अकराव्या प्रश्नात येणाऱ्या इतर भाषा लिहायच्या होत्या, तिथं आजीच्या नावापुढं मराठी आली आणि सुनेच्या नावापुढं कानडी.

मग झोळीतलं आठ महिन्यांचं बाळ. सूचना स्पष्ट होती: घरातल्या सगळ्यांची भाषा एकच धरू नये, आणि बोलता न येणाऱ्या लेकराची आईची भाषा लिहावी. मी 'मराठी' लिहिलं आणि वाचून दाखवलं.

आजीचा हात झोळीच्या दोरीवरच थांबला. "माझ्या लेकाचं लेकरू मराठी कसं? याला मी कानडीत झोपवते." सुनेनं मान खाली घातली. मी नियम सांगितला. माझ्याच तोंडून तो मला कोरडा वाटला.

मुलगा हळूच म्हणाला, "आई, राहू दे. फडावर गेलो की आम्ही कानडी. अक्का विजापूरकडं दिली, तिला सासरी महाराष्ट्राची म्हणतात. याला तरी काय वेगळं म्हणणारेत?"

त्या वाक्यानं मी अस्वस्थ झालो. इथून सांगली शंभर किलोमीटरच्या पुढं, विजापूर त्याच्या निम्म्यात. बाजार तिकडं, मोठा दवाखाना तिकडं, सोयरिकी तिकडं. मध्ये डोंगर नाही की घाट नाही, नुसता सपाट माळ. इथली बोर नदीसुद्धा भीमेकडं जाते. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला दोन्हीकडची माणसं येतात. जत संस्थान १९४८ साली विलीन झालं, पुढं जिल्हा ठरला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं, आणि राज्यांची सीमा याच माळावरून गेली. माणसं जिथल्या तिथं राहिली. त्यांना कानडी की मराठी असं विचारणाऱ्या आम्हा कृष्णाकाठच्या लोकांना पाणी उशाला होतं, म्हणून आम्हाला कधी कुणाच्या फडावर जाऊन आपण कोण हे ऐकून घ्यावं लागलं नाही. हे मला त्या घोंगड्यावर बसून पहिल्यांदा कळलं.

मी आजीला विचारलं, "मग तुम्ही स्वतःला काय म्हणता?"

"आम्ही पूर्व भागातले," ती लगेच म्हणाली. "बिनपाण्याचे."

बाळाच्या रकान्यात नियमाप्रमाणं मराठीच राहिली. तक्त्यावर सही करून कागद पिशवीत घालत होतो, तेव्हा तिनं विचारलं, "मेष्ट्रू, पाण्याचं कुठं लिवलं?"

२०१०च्या उन्हाळ्यात घरयादी झाली, तेव्हा पिण्याचं पाणी कुठून आणता, किती लांबून आणता, हे विचारलं होतं. ते तिच्या ध्यानात होतं.

"या वेळी तो प्रश्न नाही, आजी."

तिनं दारातल्या रिकाम्या घागरींकडं पाहिलं आणि झोळीला पुन्हा झोका दिला.