पोट घट्ट धरून

प्लँक करणाऱ्याकडे लांबून पाहिलं तर माणूस पालथा पडून हरवलेलं काहीतरी शोधतोय असं वाटतं. शेजारी कुणी दणादण वजनं उचलतंय, कुणी आरशासमोर दंड वळवून बघतंय आणि हा आपला कोपरांवर नि पायाच्या बोटांवर तोललेला, ढिम्म. जवळ गेल्यावर खरं काय ते कळतं. कोपरं थरथरतायत, नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटपून मॅटवर डबकं साचलंय आणि डोळे समोर ठेवलेल्या मोबाइलमधल्या सेकंदांवर खिळलेत. त्यात 28 नंतर पुन्हा 28 च येतंय की काय, अशी शंका यायला लागते.

आमची जिम गोव्यातल्या फोंड्यात, वरच्या मजल्यावर. पावसात वीज गेली की ट्रेडमिलवाले जागच्या जागी थांबतात आणि खुशाल गप्पा मारत उभे राहतात. प्लँकवाल्यांना तेवढीही सबब मिळत नाही. अंधारातही ट्रेनरचा आवाज येतोच, ‘‘काका, पेंकट वयर! स्वास धरून रावूं नाकात!’’ म्हणजे कंबर वर, श्वास रोखून राहू नका.

नवीन येणाऱ्या पोरांना पोटावर सिक्स-पॅक हवे असतात. किनाऱ्यांच्या राज्यात शर्ट काढायचे प्रसंग फार, त्यामुळे त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण हे पॅक म्हणजे बरगड्यांपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत उतरणारा, डाव्या-उजव्या दोन भागांचा एकच स्नायू, रेक्टस ॲबडॉमिनिस. त्याच्यावर तंतूंच्या आडव्या पट्ट्या असतात, बहुतेकांना तीन, म्हणून त्याचे चौकोन पडलेले दिसतात. पट्ट्या किती आणि डाव्या-उजव्या एका रेषेत की वरखाली, हे जन्मतःच ठरलेलं असतं. क्रंचेस मारमारून चौकोन जाड होतील, पण त्यांच्यावरची चरबी तिथून हटत नाही. शरीर ती आपल्या मर्जीने कुठूनही काढतं, आणि पोट बहुधा शेवटी. त्यामुळे पॅकचा निम्मा हिशेब शीत-कडीच्या, म्हणजे भात-कालवणाच्या ताटावर होतो. ते ताट सोडायला मी तरी तयार नाही.

मला गोडी आहे ती आतल्या मंडळींची. सगळ्यांत आतला थर ट्रान्सव्हर्सस. शिगम्यात, म्हणजे आमच्या होळीच्या सणात, ढोलवाला कमरेला शेला कसून गुंडाळतो, तसे त्याचे तंतू पोटाभोवती आडवे जातात. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, मागे मणक्यांना चिकटलेले बारके बारके स्नायू. हे सगळे एकदम आवळले की आतला दाब वाढतो आणि कण्याला चहूबाजूंनी आधार मिळतो. ह्यातलं आरशात काहीएक दिसत नाही. त्यांचं मुख्य काम हलवण्याचं नाहीच, हलू न देण्याचं आहे. गॅसचा सिलिंडर उचलताना कंबर वाकडी होऊ नये, ओल्या शेवाळावर पाय घसरला तरी धड सावरावं, इतकंच.

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात पाठीच्या कण्याचा अभ्यास करण्यात हयात घालवलेले स्टुअर्ट मॅकगिल ह्यांनी ह्यासाठी तीन साधे व्यायाम पुढे आणले: डोकं-खांदे जेमतेम उचलायचे असा कर्ल-अप, कुशीवर तोलायचा साइड प्लँक आणि ओणवं होऊन एक हात नि विरुद्ध बाजूचा पाय लांब करायचा बर्ड-डॉग. ते एका वेळी दहाएक सेकंदच धरायला सांगतात, मग सोडायचं, पुन्हा धरायचं. मला हे एकदम पटलं. पाच-पाच मिनिटं प्लँक धरणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण दोन मिनिटांनंतर त्यात पोटापेक्षा अहंकाराचा व्यायाम जास्त होतो, असं माझं मत आहे.

जिम नव्हत्या तेव्हा हे स्नायू काय करत होते? आमच्या भागात तरी गात होते. श्वास घेणं सोपं, तो पुरवून पुरवून सोडायचा तर पोटाची भिंत ताब्यात हवी. केरीच्या केसरबाई काय किंवा आता साळावली धरणाखाली गेलेल्या कुर्डीच्या मोगूबाई काय, दोघी गायिका अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या लांबलचक, वळसेदार ताना पेलत राहिल्या. त्या दमसासाचं कौतुक आपण गळ्याला वाटून टाकतो. पोटाचं कुणी नाव घेत नाही.

तरी, ‘‘पूर्वी कुठे होत्या जिम? अंगमेहनतीनं सगळे ठणठणीत असायचे’’ असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारी माणसं दोर धरून, मागे रेलून, एका तालात ओढतात, बघायला फार देखणं. पण तीच ओढ, तीच बाजू, वर्षानुवर्षं. संध्याकाळी कंबरेला तेल चोळत बसलेले रापणकार बघितले की तो देखणेपणा जरा उतरतो. पोटाला मागची, पुढची, डावी, उजवी अशी सगळी बाजू लागते आणि पोटासाठी कमावणाऱ्याला ती निवड नसते. जिमची चैन म्हणायची तर ही.

जिममध्ये जे सांगत नाहीत ते दुसऱ्या दिवशी कळतं. लेग रेझ आणि ॲब रोलर झाला की पुढचे दोन दिवस शिंक ही आपत्ती वाटते. गादीवरून उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग हाताचा रेटा. सगळ्यांत वाईट म्हणजे हसू. राजीव गांधी कला मंदिरात नाट्यस्पर्धा चालू असली आणि त्या दिवशी नेमकं विनोदी नाटक लागलं की मी तिसऱ्या रांगेत दोन्ही हातांनी पोट धरून, दात-ओठ खाऊन बसतो. शेजारच्यांना वाटतं, ह्याला नाटक आवडलेलं दिसत नाही. एकदा मध्यंतरात एका काकींनी पर्समधून ओव्याची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.