ओढ्यावरचा तीन किलोवॅटचा संच

सह्याद्रीतल्या ओढ्यावर वीज करायची तर पावसाळ्यातल्या लोंढ्यावर हिशेब मांडू नये. मी पाणी डिसेंबरात मोजलं. फळीला 90 अंशांची व्ही आकाराची खाच पाडून ती ओढ्यात आडवी बसवली. फळीच्या मागे हातभर अंतरावर पाणी खाचेच्या टोकापेक्षा साडेसोळा सेंटिमीटर वर होतं, म्हणजे सेकंदाला सुमारे 15 लिटर. पाणी वरून चक्रापर्यंत किती उतरतं ती उंची गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) टप्प्याटप्प्याने मोजली: 40 मीटर.

पाईप 180 मीटर, 140 मिमी एचडीपीई (जाड प्लॅस्टिकचा). घर्षणात उंचीतले दोन मीटर जातात. 110 मिमीचा स्वस्त पडला असता, पण त्याने सातेक मीटर खाल्ले असते. उरलेले 38 मीटर गुणिले 15 लिटर गुणिले गुरुत्वाकर्षणाचे 9.81, म्हणजे साडेपाच किलोवॅट. चक्र, पट्टा आणि अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) यांचा तोटा जाऊन तारेवर सव्वातीनच्या आत-बाहेर मिळते.

चक्र पेल्टनचं, म्हणजे काठावरच्या वाट्यांवर पाण्याचा झोत आदळून फिरणारं; टाटांनी 1915 मध्ये खोपोलीत बसवली त्याच जातीचं. झोत सोडणारे 19 मिमीचे दोन नोझल. चक्र मिनिटाला 1000 फेरे, पट्ट्याने अल्टरनेटर 1500. घरांतला भार अचानक उतरला की चक्र पळत सुटतं, म्हणून कंट्रोलर जादा वीज टाकीतल्या पाण्यात बुडवलेल्या 4 किलोवॅटच्या हीटरकडे वळवतो. त्या टाकीत पाणी नसेल तर कॉइल जळते आणि मग वेग आवरायला काही उरत नाही.

माझ्या मते सगळ्यात कामाची वस्तू नोझलआधीचा प्रेशर गेज. झडप बंद असताना 4, चालू असताना 3.8 किलो (दर चौरस सेंटिमीटरला). वीज कमी आणि काटा 3.9 च्या वर, तर नोझलमध्ये काटकी अडकली. काटा थरथरत खाली आला तर पाईपच्या वरच्या तोंडाशी असलेल्या टाकीची जाळी पानांनी भरली, पातळी उतरली आणि पाईप हवा ओढतोय. जाळी साफ करूनही तसंच राहिलं तर ओढाच आटलाय. एक नोझल बंद करायचा. दोन्ही उघडे ठेवून वीज वाढत नाही, हवाच शिरते.

झडप मात्र सावकाश फिरवा, पुरा मिनिटभर घ्या. झटक्यात बंद केली तर पाण्याच्या धक्क्याने पाईपचे जोड उचकटतात.