पर्मनंट की बोट? भाच्याला आणि विचारणाऱ्या बाकी सगळ्यांना

भाच्याने परत मेसेज केलाय, मामा काय करू सांग. कळंगुटला एका हॉटेलात कॉमी आहे तो, म्हणजे शेफच्या हाताखालचा ज्युनिअर कुक, पर्मनंट, पीएफ वगैरे सगळं कापतात, आणि आता हातात क्रूझचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट आलंय आठ महिन्यांचं. ताई म्हणते हातची पर्मनंट सोडून कशाला पाण्यात जातोस, मित्र म्हणतात वेडा आहेस का, डॉलर सोडतोस. मी सुट्टीवर डिचोलीला आलो की हाच प्रश्न येतो, चवथीला माटोळी बांधताना शेजारचे काका पण हेच विचारतात, त्यांचा मुलगा पण तयारीत आहे. म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी पण क्रूझवरच किचनमध्ये आहे, सध्या आमची बोट मायामी, नासाऊ, कोझुमेल, परत मायामी अशी चाललीय, किचनमधून सुटलो की रात्री क्रू मेसमध्ये बसून थोडं थोडं टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

आधी पैसे. सगळे महिन्याचा आकडा सांगतात आणि तिथेच घोळ होतो. समजा १,२०० डॉलर पगार, डॉलर ८५ ला धरला तर १,०२,००० झाले, ऐकायला एकदम भारी, लाखाच्या वर. पण हे आठच महिने. रजेचे पैसे त्याच आकड्यात धरलेले असतात, घरी बसल्यावर वेगळं काही येत नाही (ऑफिसर लोकांचं काही कंपन्यांत वेगळं असतं, आम्हा किचनवाल्यांचं नाही). सुट्टी दोन महिन्यांची म्हणतात पण जॉइनिंग पुढे गेलं, व्हिसाची डेट मिळाली नाही, मेडिकलमध्ये काहीतरी रिपीट करायला सांगितलं, की तिसरा चौथा महिना कधी लागतो कळत नाही. म्हणून मी हिशोब बारा महिन्यांचाच धरतो. ८,१६,००० भागिले १२, म्हणजे ६८,०००. लाखवाल्याने हा आकडा डोक्यात ठेवूनच निघावं.

आता तासांचं बघा, हे कोणी मोजत नाही. बोटीवर वीकली ऑफ नाही, दिवसाला दहा तास धरले तर आठ महिन्यांचे २,४०० तास होतात. हॉटेलात आठवड्याला ४८ तास, वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर? तेवढेच २,४००! म्हणजे बोटवाला सुट्टीत फुकट बसलेला असतो हे खोटं आहे, तो आपले वर्षाचे सगळे रविवार एकदम घेत असतो. फक्त ते रविवार लग्नाला, बारशाला, शिरगावच्या जत्रेला जुळतीलच असं नाही, बहुतेक जुळत नाहीतच.

नियमाने २४ तासांत १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावीच लागते, एमएलसी म्हणून जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्यात आहे ते. पण यूएसपीएचचं, म्हणजे अमेरिकेच्या आरोग्य खात्याचं स्वच्छतेचं इन्स्पेक्शन आलं की सगळ्यांची झोप उडते. शंभरपैकी ८६ ला पास, ८५ ला फेल, फ्रीजच्या रबरात हाताचं बोट घालून बघतात. आणि तुझ्या स्टेशनचे मार्क गेले की ते अप्रेजलमध्ये येतात आणि अप्रेजलवर पुढचं कॉन्ट्रॅक्ट. दर वेळी नव्याने, कितीही वर्षं झाली तरी.

ताईचं भांडण इथेच आहे, पुढचं मिळालं नाही तर? पण ताई, पर्मनंट पर्मनंट म्हणजे सगळं एकच नाही गं. सरकारी असती तर मीच म्हटलं असतं विचार कर, ती एकदा सोडली की परत मिळत नाही, परीक्षा, वयाची अट, वर आणखी काय काय लागतं ते गोव्यात कुणाला सांगायला नको. हॉटेलची पर्मनंट मात्र ऑक्टोबरला सीझन सुरू झाला की परत मिळते, बोटीवर दोन कॉन्ट्रॅक्ट केलेल्या पोराला तर वरच्या पोस्टवर घेतात. सोडल्यावर हातचं काय जातं म्हणशील तर ग्रॅच्युइटी, त्याला चारच वर्षं झालीत, पाच पुरी व्हायला लागतात. बेसिक १५,००० असेल तर पाच वर्षांची ४३,००० च्या आसपास होते, तेवढ्यासाठी वर्षभर थांबणं मला तरी पटत नाही. पीएफ मात्र काढून बाईक घेऊ नकोस रे, तसाच राहू दे.

मला भीती वाटते ती मेडिकलची. दर कॉन्ट्रॅक्टच्या आधी मेडिकल, आणि चाळिशीनंतर बीपी शुगर येतेच, आमच्याकडे भात, मासे आणि वर स्ट्रेस, कोणाला सुटलंय. बोटीवर आजारी पडलास तर उपचार कंपनीकडे, पगार पण निदान १६ आठवडे मिळायला हवा असं एमएलसीत आहे. पण साइन ऑफ करून, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपवून मोपाच्या विमानतळावर उतरलास आणि घरी येऊन काही झालं तर तो आजार तुझा एकट्याचा. अनफिट शिक्का बसला की बोटीचे ६८,००० नाही आणि हॉटेलचे २५,००० पण नाही. हॉटेलात निदान सिक लिव्ह टाकून परत कामावर जाता येतं.

२०२० ला तर मेडिकल फिट असून पण घरी बसलो. मार्चमध्ये क्रूझ थांबल्या त्या अमेरिकेच्या बंदरांतून परत सुटायला २०२१ चा जून उजाडला. आमच्यातल्या कोणी बिर्याणीची पार्सलं केली, कोणी मासे घरपोच द्यायला लागले. आमच्या घरी चूल पेटत होती ती दादाच्या पगारावर, तो सरकारी खात्यात, एक तारखेला पैसे जमा. आणि त्याच दादाच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट त्याच्या आधी माझ्या बोटीच्या पैशातून गेलेलं. लोन पण त्याच्या सॅलरी स्लिपवर पटकन झालं, माझ्याकडे कॉन्ट्रॅक्टच्या कॉप्या, सीडीसीचे (बोटवाल्यांचं सरकारी ओळखपुस्तक) स्टॅम्प, एनआरई म्हणजे एनआरआयवाल्या बँक खात्याचं स्टेटमेंट, मागतच राहिले. गोव्यात अशी किती घरं आहेत बघा, एक भाऊ खात्यात आणि एक बोटीवर किंवा गल्फला, दोघं एकमेकांना धरून असतात आणि जेवताना एकमेकांची टिंगल करतात.

म्हणून भाच्याला मी विचारलं ते त्याच्याबद्दल नाही, ताईबद्दल. भाओजींची नोकरी अजून सात-आठ वर्षं आहे, म्हणजे घरात एक तारीख आहे. मग जा. तीच नसती तर मी म्हटलं असतं आधी सहा महिन्यांच्या घरखर्चाचे पैसे बाजूला टाक, मग बघू.

जायच्या आधी दोन कामं कर. पीपीएफ उघड, एनआरआय झाल्यावर नवीन उघडता येत नाही. आणि हेल्थ पॉलिसी स्वतःची घे, तब्येत धड आहे तोवर. टॅक्सचं सोपं आहे, आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांच्या खाली राहिलास तर एनआरआय, पासपोर्टचे शिक्के मोजत जा, डोक्यात ठेवलेलं चुकतं.

आणि तो एजंट. आरपीएसएल नंबर विचार त्याला, म्हणजे बोटीवर माणसं भरायच्या लायसन्सचा नंबर, सरकारच्या डीजी शिपिंगच्या साइटवर लिस्ट आहे, तिथे नाव नसेल तर विषय संपला. कोर्स, मेडिकल, सीडीसी, पासपोर्ट हा खर्च आपला, व्हिसाचा कंपनीचा, आणि नोकरी लावून द्यायचे पैसे घेणं तर नियमात बसतच नाही. तू परवा ‘फाइल चार्ज’ म्हणून काहीतरी आकडा बोललास तो मला आवडलेला नाही. त्याचं नाव आणि ऑफर लेटर दोन्ही पाठव, मी इथे एचआरला दाखवतो, आणि माझा रिप्लाय येईपर्यंत हॉटेलात राजीनामा देऊ नकोस.