नावातले एक अक्षर: नव्या रंगीत ग्राफिंग कॅल्क्युलेटरसाठी केलेली खटपट

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स (टीआय) कंपनीचा टीआय-८४ प्लस सीई हा आलेख काढणारा रंगीत ग्राफिंग कॅल्क्युलेटर २०१५ मध्ये येणार असे कळले, तेव्हापासून तो माझ्या हातात पडेपर्यंतच्या काळाचे दोन भाग होतात. पहिला वाट पाहण्याचा आणि दुसरा विक्रेत्याला त्याची चूक पटवून देण्याचा. पहिला भाग लांबला, तरी तो सुखाचा होता. दुसऱ्या भागाची आठवण झाली की आजही चीड येते, आणि हे लिहायला मी बसले आहे ते मुख्यतः त्याच चिडीपोटी.

आम्ही काही जण या यंत्राकडे इतके डोळे लावून का बसलो होतो, ते आधी सांगायला हवे. तोवर मी काळ्या-पांढऱ्या पडद्याच्या टीआय-८४ प्लसवर प्रोग्रॅम लिहीत असे. त्याचा पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा आणि प्रत्येक ठिपक्याला एक बिट, त्यामुळे संपूर्ण चित्र ७६८ बाइटांत मावत असे. २०१३ मध्ये टीआय-८४ प्लस सी सिल्व्हर एडिशन आला. हौशी मंडळी त्याला सुटसुटीतपणे ‘सीएसई’ म्हणतात. त्याचा पडदा ३२० बाय २४० ठिपक्यांचा आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला १६ बिट. हिशोब केला तर एका चित्राचे १,५३,६०० बाइट होतात, म्हणजे जुन्याच्या बरोबर २०० पट. मात्र हे ओझे वाहणारा प्रोसेसर तोच जुना झेड८० होता, १५ मेगाहर्ट्झचा. पडद्याची मेमरी त्याच्या थेट आवाक्यात नव्हती आणि सगळी माहिती एका पोर्टातून एकेक बाइट करून ढकलावी लागत असे. त्यासाठीच्या ओटीआयआर या सूचनेला दर बाइटामागे प्रोसेसरच्या घड्याळाची २१ चक्रे लागतात. गुणाकार केला की ३२ लाखांहून अधिक चक्रे होतात, म्हणजे पूर्ण पडदा एकदा रंगवण्यात सेकंदाचा पाचवा भाग खर्ची पडतो. आलेख काढणाऱ्याला ते चालून जाते. हलणारे चित्र लिहू पाहणाऱ्याला हा आकडा वाचूनच पुढचा अंदाज येतो.

सीईमध्ये ४८ मेगाहर्ट्झचा ईझेड८० येणार होता. तो झेड८०च्याच घराण्यातला, पण मेमरीतल्या जागांचे २४ बिटांचे पत्ते ओळखणारा आणि बहुतेक सूचना कमी चक्रांत उरकणारा. शिवाय वापरायला मोकळी रॅम सीएसईवर २१ किलोबाइट होती, ती इथे १५४ किलोबाइट. हे आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवले होते. पुढे भांडणाच्या वेळी हेच पान कामी येईल, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

विक्री सुरू होण्यापूर्वीच मी मागणी नोंदवली. नोंदीपुढे ‘लवकरच उपलब्ध’ असे आले आणि कित्येक आठवडे तेच राहिले. या काळात मी माझा चक्रव्यूहाचा खेळ नव्या यंत्रासाठी कागदावर पुन्हा लिहायला घेतला. ईझेड८०ची सूचनावली तो बनवणाऱ्या झिलॉग कंपनीच्या पुस्तिकेत आधीपासून उपलब्ध होती, त्यामुळे हालचाल, टक्कर, किल्ल्यांची नोंद हे सारे यंत्र नसतानाही लिहिता आले. पडद्याच्या मेमरीचा पत्ता ठाऊक नव्हता. तिथे मी चौकोन काढून जागा रिकामी सोडली. तुम्हीही एखाद्या नव्या यंत्राची वाट पाहत असाल, तर बेसिक या कॅल्क्युलेटरवरच्या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये थेट लिहिलेले आकडे याच काळात शोधून काढा. जुन्या पडद्यावर बेसिकला ६३ बाय ९५ ठिपके मिळत, रंगीत पडद्यावर १६५ बाय २६५ मिळतात. ६२ आणि ९४ हे आकडे ओळीओळीत विखुरलेले असतील, तर सगळे चित्र एका कोपऱ्यात आक्रसून बसते. मी ते चलांमध्ये टाकले आणि त्या कामाचा मला अजूनही अभिमान वाटतो.

अखेर पार्सल आले. पारदर्शक वेष्टनातून रंगीत पडद्याची चौकट दिसली आणि त्याच क्षणी पडद्यावरच्या पट्टीवर छापलेले नाव दिसले: प्लस सी सिल्व्हर एडिशन. मी ते तीनदा वाचले. आठवडेच्या आठवडे ज्याच्यासाठी थांबले होते, त्याच्याऐवजी ज्याला टाळण्यासाठी थांबले होते तेच यंत्र माझ्यासमोर होते.

मला वाटले, एका दिवसाचे काम आहे. परत करू, दुसरे येईल. परतीचा अर्ज उघडला तर कारण निवडण्यासाठी तीनच पर्याय होते: वस्तू तुटलेली आहे, वस्तू चालत नाही, वस्तू आता नको आहे. ‘मागितली ती वस्तू आलेली नाही’ असा पर्यायच नव्हता. ‘नको आहे’ निवडले असते तर परतीचा खर्च माझ्या माथी आला असता आणि नव्या मागणीसाठी पुन्हा रांगेच्या शेवटी जावे लागले असते. म्हणून मी ‘चालत नाही’ निवडले आणि खालच्या लहानशा चौकटीत खरे कारण लिहिले. ही माझी चूक झाली. दोन दिवसांनी त्यांच्या माणसाचा फोन आला.

“मॅडम, कॅल्क्युलेटर सुरू होतो का?”

“सुरू होतो, पण तो मी मागवलेला कॅल्क्युलेटर नाही.”

“पडदा रंगीत आहे ना?”

“आहे. पण दोन्ही मॉडेलांचे पडदे रंगीतच आहेत.”

“मग अडचण नेमकी काय आहे?”

मी प्रोसेसर, घड्याळाचा वेग, पत्त्यांची रुंदी हे सगळे सांगितले. पलीकडचा माणूस उद्धट नव्हता, त्याने शांतपणे ऐकून घेतले. पण त्याच्यासमोरच्या यादीत या कशासाठीही रकाना नव्हता. संध्याकाळी निरोप आला: ‘दोष आढळला नाही, तक्रार बंद.’ ती तक्रार पुन्हा उघडण्याची सोय नव्हती आणि नवी नोंदवायची तर कारणांचे तेच तीन पर्याय समोर येत होते.

दुसऱ्या खेपेला मी छायाचित्रे पाठवली. दोन मॉडेलांमधला फरक नुसत्या डोळ्यांनीही कळतो. सीई अंगाने बराच बारीक आहे; सीएसईचे शरीर जुन्या ८४ प्लससारखे जाडजूड आहे. सीएसईला यूएसबीशिवाय जुन्या पद्धतीची, दोन कॅल्क्युलेटर जोडण्याची गोल खाच आहे. सीईमधून ती काढून टाकलेली आहे. मी त्या खाचेचे जवळून छायाचित्र काढले आणि शेजारी वहीतल्या फरकांचा तक्ता ठेवला. उत्तर आले की त्यांच्या नोंदीनुसार मला ‘रंगीत ग्राफिंग कॅल्क्युलेटर, ८४ मालिका’ पाठवायचा होता आणि तोच पाठवला आहे. मग कुठे माझ्या लक्षात आले की घोळ माझ्या पार्सलापुरता नव्हताच. त्यांनी दोन्ही मॉडेले एकाच नोंदीखाली घातली होती आणि कोठारात आधीपासून पडून असलेले सीएसई नव्या मागणीवर पाठवायला सुरुवात केली होती. सीएसई आणि सीई यांच्यात एका अक्षराचाच फरक. मधला ‘एस’ कोणाच्या डोळ्यांत भरणार? त्यातच विक्रीच्या पानावरचे वर्णन एव्हाना बदलले होते आणि मी मागणी नोंदवताना त्या पानाची प्रत जपून ठेवलेली नव्हती. ती ठेवा. मागणी करताच ठेवा, कारण नंतर ते पान तसे राहीलच याची हमी नसते.

त्या आठवड्यात मी खरोखर हातपाय गाळले होते. समोर एक उत्तम चालणारे यंत्र होते. त्यावर बेसिक लिहिता आले असते, रंगीत अक्षरे उमटवता आली असती, आणि ‘आहे त्यात समाधान मान’ असे घरच्यांनी सुचवूनही झाले होते. पण वहीतला प्रोग्रॅम या यंत्रावर चालणारच नव्हता. १५४ किलोबाइट गृहीत धरून आखलेला नकाशा २१ किलोबाइटमध्ये कोंबायचा कसा? पडदा सेकंदाला पाच वेळाही धड रंगत नसेल, तर चक्रव्यूह सरकवायचा कसा? तडजोड करायची म्हणजे सगळे काम फेकून द्यायचे, आणि त्याला माझी तयारी नव्हती.

जुनी पत्रे चाळताना मागणीची पहिली पोच सापडली. तिच्यात वस्तूचे नाव अर्धवट होते, पण खाली वर्णनाची एक ओळ आली होती आणि तिच्यात ‘१५४ केबी रॅम’ असे स्पष्ट लिहिलेले होते. मी ताबडतोब कॅल्क्युलेटर सुरू केला. ‘सेकंड’ आणि मग बेरजेचे बटण दाबले की मेमरीची यादी उघडते. तिच्यातल्या दुसऱ्या पर्यायात मोकळी रॅम दिसते. तिथे २१ हजारांच्या आसपासचा आकडा होता. त्याच यादीतल्या पहिल्या पर्यायात प्रणालीची आवृत्ती दिसते; ती ४ने सुरू होत होती, तर सीईची ५ने सुरू होते. या दोन पडद्यांची छायाचित्रे आणि त्यांच्याच पोचपावतीतली ती ओळ, एवढेच मी तिसऱ्या तक्रारीला जोडले. प्रोसेसरचा उल्लेखही केला नाही. एकच वाक्य लिहिले: “आपण १५४ लिहून दिले आहे आणि आलेल्या यंत्रात २१ आहेत.” दुसऱ्याच दिवशी तक्रार मान्य झाली. तांत्रिक बाजू मी कितीही नीट मांडली असती, तरी ती तपासायला पलीकडे कोणी नव्हते. त्यांनी स्वतः लिहिलेला आकडा मात्र कोणालाही ताडून पाहता येत होता. असा प्रसंग आला तर पहिल्याच तक्रारीत हे करा आणि ‘चालत नाही’ हा पर्याय चुकूनही निवडू नका.

त्यानंतर सगळे भराभर झाले. जुने यंत्र गेले, खरा सीई आला. पडद्याच्या मेमरीचा पत्ता षोडशमान पद्धतीत डी४०००० असल्याचे एव्हाना हौशी मंडळींनी शोधून काढले होते. तो मी वहीतल्या रिकाम्या चौकोनात लिहिला. सीईवर मशीन भाषेतल्या प्रोग्रॅमच्या आरंभी ईएफ ७बी हे दोन बाइट लागतात, जुन्या ८४ प्लसवरचे बीबी ६डी चालत नाहीत, एवढा बदल आठवणीने करावा लागला. पहिल्या प्रयत्नात यंत्र गोठले आणि रॅम पुसली गेली. म्हणून चाचणीपूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम रॅममधून आर्काइव्ह या कायमच्या साठ्यात हलवण्याची सवय लावून घ्या; तिथली सामग्री अशा वेळी शाबूत राहते.

खरी मौज त्यापुढची. प्रत्येक ठिपक्याला १६ऐवजी ८ बिट दिले, तर एकाच वेळी २५६ रंग वापरता येतात आणि एका चित्राला ७६,८०० बाइट पुरतात. म्हणजे पडद्याच्या मेमरीत बरोबर दोन चित्रे बसतात. एक चित्र पडद्यावर दिसत असताना दुसरे आड राहून रेखाटायचे आणि पूर्ण झाले की दोघांची अदलाबदल करायची. मी डाव्या बाणाचे बटण दाबून धरले. चक्रव्यूहाच्या निळ्या भिंती उजवीकडे सरकत गेल्या, कोपऱ्यावरचा केशरी दिवा त्यांच्यासोबत सरकला, आणि पडदा एकदाही लुकलुकला नाही. त्या रात्री मी तो खेळ केवळ सरकताना पाहण्यासाठी कितीतरी वेळ सुरू ठेवला होता.

आणखी एक गोष्ट, आज सीई घेणाऱ्यांसाठी. मेमरीच्या यादीतला तो पहिला पर्याय परतीची मुदत संपण्यापूर्वीच उघडून पाहा. २०२० मध्ये आलेल्या आवृत्त्यांपासून या यंत्रावर मशीन भाषेतले आणि ‘सी’ या प्रोग्रॅमिंग भाषेतले प्रोग्रॅम चालवण्याची सोय उत्पादकाने काढून टाकली आहे. बेसिक चालते, आणि २०२१ मध्ये आलेल्या नव्या मॉडेलात पायथनही आहे. तुम्हाला यापैकी काय लिहायचे आहे ते आधी ठरवा आणि प्रणालीचे अद्ययावतीकरण करायचे की नाही, हे त्यानंतरच ठरवा.