दहापैकी किती?

३१ डिसेंबरच्या रात्री सरलेल्या वर्षाला दहापैकी मार्क द्यायचे, ही माझी सवय १९९६ पासूनची. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि माझ्या मताला फार किंमत आहे अशी माझी ठाम समजूत होती. एका लांबट निळ्या वहीच्या शेवटच्या पानावर पट्टीने दोन रकाने आखले: वर्ष आणि गुण. शेऱ्यासाठी जागाच ठेवली नाही.

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना ती वही आणि जुन्या रोजनिश्या एकदमच हाती लागल्या. मार्कांचा रकाना एका हाताला आणि रोजच्या नोंदी दुसऱ्या हाताला ठेवून पहिल्यांदाच ताळा करायला बसलो. ताळा लागेना.

२००१ ला मी आठ दिलेत. रोजनिशी उघडली तर वर्षभर नुसतं रडगाणं. पैशांची चणचण, खोलीतल्या पार्टनरशी अबोला, एक विषय राहिलेला. मग आठ कशाचे? तर २० डिसेंबरला नोकरीचं पत्र आलं होतं. उलट १९९९ हे मजेत गेलेलं वर्ष, पण डिसेंबरात एकीने ‘नाही’ म्हणून सांगितलं आणि साहेबांनी अख्ख्या वर्षाला चारवर आणून ठेवलं.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे. लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, वर आणखी ३० सेकंद, पण त्या वाढीव वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. यातलं पुन्हा कुठलं करायला आवडेल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं. त्रास जास्त वेळ झाला, तरी शेवट जरा बरा होता ना! माझं २००१ तसंच. अकरा महिने हात गारठलेला, डिसेंबरात पाणी एका अंशाने कोमट, की लगेच आठ मार्क.

२०१२ ते २०१८ सलग सहा-सहा आहेत. नापास करावं असं काही घडलं नाही आणि कौतुक करायला सवड नव्हती. पॉल जाने नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८७७ मध्ये म्हटलं होतं की वर्षाची लांबी आपण जगलेल्या आयुष्याच्या मानाने जाणवते. दहाव्या वर्षी वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग, चाळिशीत चाळिसावा. असेलही. मला मात्र वाटतं, ती सात वर्षं मी नीट तपासलीच नाहीत. गठ्ठा मोठा झाला की परीक्षक सरसकट सहा देऊन मोकळा होतो, तसं.

२००९ ला तीन. त्या वर्षी नोकरी गेली आणि आठ महिने मी घरी होतो. रोजनिशीत अर्ज, फोनची वाट आणि ‘आज काही नाही’. हे ‘आज काही नाही’ एका महिन्यात एकोणीस वेळा आहे, मी मोजलं. मुलगी तेव्हा चार वर्षांची. परवा तिला सहज विचारलं, तुला २००९ आठवतं का? ती म्हणाली, “बाबा तू वेण्या घालायचास ते वर्ष ना?” मी विसरूनच गेलो होतो. बायको कामावर जायची आणि पोरीच्या केसांशी माझी झटापट चालायची. एक वेणी कानापाशी, दुसरी मानेवर. कन्येने वही ओढून घेतली आणि माझ्या तीनशेजारी पेनाने दहा लिहिले. पेनाने! रोजनिशीत वेणीबद्दल एक अक्षर नाही.

आणि मग २००३. नऊ मार्क, मी दिलेले सगळ्यात जास्त. त्या वर्षी लग्न झालं, पगार वाढला, सगळं मनासारखं. १४ ऑक्टोबरची नोंद: ‘बाबांना खोकला. हवा बदललीय.’ ३ नोव्हेंबरची: ‘बाबा अजून खोकतायत. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून सिनेमा हुकला.’ पुढे महिनाभर तो खोकला रोजनिशीत नाही. तो थांबला नव्हता, मी लिहायचं थांबवलं होतं. २००४ च्या ऑगस्टमध्ये बाबा गेले.

ग्रीसच्या उत्तरेकडच्या प्राचीन थ्रेसचे लोक म्हणे दिवस कसा गेला त्यानुसार वेगवेगळ्या रंगाचे खडे एका भांड्यात टाकायचे आणि माणूस गेला की ते मोजायचे. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात हे लिहिलं आणि तिथेच शंकाही काढली: ज्या दिवसाला पांढरा खडा मिळाला, त्याच दिवशी पुढच्या संकटाचं मूळ रुजलं असेल तर? त्या नऊच्या जागी मी कधीतरी पेन्सिलने दोन केले होते, मग ते खोडून पुन्हा नऊ. तिथला कागद इतका विरलाय की मागच्या पानावरचं अक्षर दिसतं.

शेवटी आईला फोन केला. म्हटलं, “२००३ ला दहापैकी किती देशील?”

“२००३ म्हणजे कुठलं रे?” आईचा हिशेब सनावारीत नसतो. तिची वर्षं म्हणजे ‘तू चौथीत होतास तेव्हा’, नाहीतर ‘जुन्या घरात असताना’.

“माझं लग्न झालं ते. बाबांचा खोकला सुरू झाला ते.”

“अगं बाई, ते होय! त्या पावसाळ्यात माडीवरचं छत गळायचं. तुझे बाबा रात्री बादली लावून खाली बसायचे. निम्मी भरली की मला हाक मारायचे, बघायला.”

“बघायला? काय?”

“बादली,” आई म्हणाली. “निम्मी भरलेली.”